मनीचा हुंकार

मांजरीचं खाणं संपलं होतं, म्हणून शैलेंद्र ट्रेनमधून उतरल्यावर थेट घरी न जाता दुकानात गेला. गोष्ट सुरू होते ती इथून, आणि इथपर्यंत तिच्यात काहीसुद्धा नाही. शिकागोबाहेरच्या नेपरव्हिल स्टेशनचं पार्किंग, गाडीच्या काचेवर बोटभर बर्फ. त्यानं तो खरवडला, हात चोळले, हीटर लावला, आणि दुकानातून चिकनचे बारा डबे आणि मांजरीच्या पेटीत टाकायच्या मातीची एक पिशवी घेतली. तारीख होती अठ्ठावीस जानेवारी दोन हजार चार, बुधवार. तारीख मुद्दाम सांगतोय. ज्याच्यावर ही वेळ आली तो ती विसरलेला नाही. त्यानं मला हे सगळं एकदाच सांगितलं, याच बेसमेंटमध्ये, तू बसली आहेस त्या सोफ्यावर बसून. तेव्हापासून मीही विसरलेलो नाही.

ऋषी, तो वरचा मोठा दिवा घालव बाबा. कोपऱ्यातला राहू दे. इशिता, भीती वाटली तर वर आईजवळ जाऊन बस, मला राग येणार नाही. नाही म्हणतेस? मग बैस. पण मध्येमध्ये "काका, देअर मस्ट बी अ रीझन" म्हणायचं नाही. मी एकतीस वर्षं पुलांची गणितं केली आहेत. रीझन सापडलं असतं तर सगळ्यात आधी मीच ते तुमच्या तोंडावर फेकलं असतं.

तर शैलेंद्र. नागपूरचा मुलगा, तेव्हा तिशीचा, बिनलग्नाचा, शिकागोत एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करणारा. इथून गाडीनं सात मिनिटांवर एका टाउनहाऊसमध्ये भाड्यानं राहायचा. नेमकं कुठलं ते विचारू नका, आता तिथे दुसरे लोक आहेत आणि त्यांना लहान मुलं आहेत. आधी त्याच्याबरोबर रवी नावाचा मित्र राहायचा. मांजर खरं तर रवीची. पांढरी, एका कानावर राखाडी डाग. बेवारशी प्राण्यांच्या शेल्टरमधून आणलेली. शेल्टरच्या कागदावरच लिहिलेलं होतं, 'व्हेरी क्वाएट', म्हणून रवीनं तिचं नाव ठेवलं व्हिस्पर. मग रवीला दूर फ्रीमाँटला नोकरी लागली. "यार, फक्त दोन आठवडे सांभाळ," असं म्हणून तो जो गेला तो गेलाच. मांजर शैलेंद्रच्या गळ्यात पडली.

आता मांजरी दोन जातीच्या असतात, हे ज्यांनी पाळल्यात त्यांना माहीत आहे. काही दिवसभर डोकं खातात. दूध दे, दार उघड, खिडकीत पक्षी आलाय, तू कुठे होतास, सगळं बोलून दाखवतात. आणि काही तोंडात गुळणी धरून बसतात. ही दुसऱ्या जातीची. वर्षभरात तिनं एक आवाज काढला नव्हता. भूक लागली की भांड्याजवळ जाऊन बसायची, बस. शैलेंद्रला ते फार सोयीचं वाटायचं. तोही घरी आला की लॅपटॉप उघडायचा तो रात्री झोपेपर्यंत. दोघं एका छताखाली राहत होते, एवढंच त्यांचं नातं.

या दोन मुक्यांच्या घरात दोन हजार तीनच्या मे महिन्यात आल्या शोभाताई. शैलेंद्रच्या आई. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेल्या बाई. जन्मभर कानाला हेडफोन लावलेला, त्यामुळे बोलायची सवय, आणि त्याहून जास्त सवय पलीकडून आवाज यायची. घरातही त्यांचा एकच नियम होता. मी बोलत असले की हुंकार द्यायचा. हुंकार म्हणजे तुम्ही आत्ता देताय तसला नाही, फोनवर अंगठे चालवत "याह, याह". वाक्य संपलं की "हं". समोरच्याला कळलं पाहिजे की आपण जागे आहोत आणि ऐकतो आहोत. आपल्याकडे गोष्ट सांगणारा माणूस हुंकार थांबला की गोष्टही थांबवतो, ही जुनी रीत आहे. शोभाताईंचं म्हणणं त्याहून सोपं होतं. "लाइनवर माणूस आहे का नाही, कळायला नको?"

शैलेंद्र लहानपणी हुंकार देऊन देऊन मोठा झाला. रात्री अंथरुणावर आईची एकच गोष्ट ठरलेली असायची. वादळात एक्स्चेंजच्या सगळ्या लाइनी पडतात, ही एकटी रात्रपाळीला, एकच लाइन जिवंत राहते, आणि त्या लाइनवर लागोपाठ तीन घंटा वाजतात. कुठल्याशा खेड्यात एक बाई बाळंतपणात अडलेली असते, डॉक्टर गाठायचा असतो. पोरगं "हं" म्हणायचं, "हं" म्हणायचं, आणि डॉक्टर सापडायच्या आत झोपून जायचं. त्या गोष्टीचा शेवट त्यानं कधीच ऐकला नाही. मोठेपणी विचारायचं राहून गेलं.

अमेरिकेत आल्यावर आईच्या लक्षात आलं की पोराचा हुंकार बंद झालाय. ती बोलायची, हा स्क्रीनकडे बघायचा. दिवसा तर घरात कोणीच नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही, शेजारणी गाडीतून गराजमध्ये आणि गराजमधून घरात. मग दुपारी जेवण आटोपलं की शोभाताई खालच्या खोलीत पलंगावर आडव्या व्हायच्या आणि मांजरीशी बोलायच्या. व्हिस्पर हे नाव त्यांनी पहिल्याच दिवशी रद्द केलं. "मनी म्हणते मी तिला. आणि काय वं मने, बोलत कशी नाही तू? हुंकार तरी देत जा!"

जुलैमध्ये मनी हुंकार द्यायला लागली.

खरं सांगतो. शैलेंद्र एक दिवस घरूनच काम करत होता, तेव्हा त्यानं ऐकलं. आई एक वाक्य बोलायची, थांबायची, आणि खालून आवाज यायचा, "म्रं." तोंड मिटलेलं ठेवून काढलेला, छोटासा. पुन्हा वाक्य, पुन्हा "म्रं." तो हसत हसत खाली गेला.

"आई, अगं तिला काय समजतंय?"

"तुला तरी काय समजून राहिलं होतं लहानपणी? देत होता नं पण!" शोभाताई म्हणाल्या. मग मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत, हसतच, म्हणाल्या, "आता तू देत नाहीस. ही देते."

त्याला ते लागलं. फार लागलं. पण मीटिंग होती, तो वर गेला.

ऑक्टोबरमध्ये आई परत गेली आणि मनी पुन्हा मुकी झाली. बोलायची ती फक्त रविवारी. शैलेंद्र कॉलिंग कार्डवरून, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेल्या मिनिटांच्या कार्डवरून, नागपूरला फोन लावायचा, स्पीकर सुरू करायचा, पलीकडून शोभाताई हाक मारायच्या, "मने! जेवली का?" आणि मनी असेल तिथून धावत येऊन फोनपुढे बसायची. मायलेकाचं बोलणं चार मिनिटांत संपायचं. मनीशी पंधरा मिनिटं चालायचं.

जानेवारीत तीन रविवार शोभाताई फोनवर आल्या नाहीत. धाकटा भाऊ केदार फोन घ्यायचा. पहिल्यांदा म्हणाला, "आई झोपली आहे नं दादा." दुसऱ्यांदा, "हळदीकुंकवाला गेली आहे." तिसऱ्यांदा पुन्हा, "झोपली आहे." शैलेंद्रनं ते मान्य केलं. मी त्याला दोष देत नाही, पण तो स्वतःला अजून देतो. त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पण त्याचा पासपोर्ट नव्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी पाठवलेला होता. तेव्हा इथल्या इथे पोस्टानं पाठवता यायचा, आणि परत यायला बरेच आठवडे लागायचे. जायचं म्हटलं तरी जाता येणार नव्हतं. मग ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकून काही करता येणार नाही तो प्रश्न त्यानं विचारलाच नाही.

त्या बुधवारी त्यानं मनीला नवा डबा उघडून दिला, स्वतः खिचडी खाल्ली, लॅपटॉपवर काम केलं, आणि साडेअकराला वरच्या खोलीत जाऊन झोपला. बाहेर बर्फ पडत होता. अंगावर जाड कम्फर्टर होता, आपली दुलईच ती.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली.

कशानं आली ते आधी कळलं नाही. घर शांत होतं. घर गरम करणारी फर्नेस सुरू झाली, थोडा वेळ घुमली, बंद झाली.

मग खालून आवाज आला.

"म्रं."

तो उशीवर डोकं ठेवून पडून राहिला. स्वप्न असेल.

"म्रं."

मनी बोलत होती. रविवार नसताना, फोन नसताना. त्याला आधी बरंच वाटलं. मग वाटलं, आजारी असेल. तो उठला आणि टी-शर्टवरच, अनवाणी, जिना उतरला.

खालच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आई गेल्यापासून ते बंद असायचं. त्यानं ते ढकललं. खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा होता, त्याचा बर्फावरून परतलेला उजेड आत पडला होता. मनी कार्पेटवर बसली होती. सरळ, शेपूट पायाभोवती घेऊन. तोंड पलंगाकडे. नजर उशीवर.

पलंग रिकामा होता. चादर सपाट.

"मने, काय झालं गं?"

तिचा एक कान त्याच्याकडे वळला. तिनं मान वळवली नाही. फोनवर बोलणारा माणूस मध्येच आलेल्याला नुसता हात करतो ना, तसं. मग तो कान परत पलंगाकडे फिरला.

थोडा वेळ काही नाही.

"म्रं."

पुन्हा काही नाही. या वेळी जास्त वेळ. एक लांबलचक वाक्य संपायला लागेल, तेवढा वेळ.

"म्रं."

शैलेंद्र दारातच उभा होता. आत जावंसं वाटेना, मागे फिरावंसंही वाटेना. त्या शांततेला आकार होता. कुठे थांबायचं, कुठे लांबायचं, हे ठरलेलं होतं. तो ऐकत राहिला. आणि मग मनीनं लागोपाठ तीन हुंकार दिले.

"म्रं. म्रं. म्रं."

तीन घंटा.

ही जागा त्याला पाठ होती. पाच वर्षांचा असताना याच जागी तो घाईघाईनं तीनदा "हं, हं, हं" म्हणायचा, आणि आई खूश व्हायची. त्यानं स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलं. दोन पंचवीस. नागपुरात दुपारचे एक पंचावन्न. जेवण आटोपून आडवं व्हायची वेळ.

तेवढ्यात मनी उठली. तिला तहान लागली असावी. ती त्याच्या पायांमधून स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यातलं पाणी प्यायला लागली. लपलप लपलप.

खोलीत शांतता.

पण ही आधीसारखी नव्हती. कोणीतरी वाक्य संपवून... थांबलेलं होतं. वाट बघत. दहा सेकंद. वीस. पाणी पिण्याचा आवाज. तीस...

भिंतीवरचा फोन वाजला. एकच रिंग. कट झाला.

मनीनं पाणी सोडलं. ती अक्षरशः धावली. खोलीत शिरून जागेवर बसायच्या आतच तिनं आवाज दिला, "म्रं! म्रं!"

शैलेंद्रनं भिंतीवरून त्याचा कॉर्डलेस रिसीव्हर उचलला. कॉलिंग कार्डाचा नंबर, मग तो लांबलचक पिन, मग केदारचा मोबाइल. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"केदार, आई कुठे आहे?"

"झोपली आहे नं, दादा. तू इतक्या रात्रीचा..."

मागे कुठेतरी स्ट्रेचरची चाकं वाजत होती. कोणीतरी सिस्टरला हाक मारत होतं.

"केदार."

मग केदार म्हणाला, "दादा... सिरियस आहे. तू निघून ये."

तुम्ही इथे वाढलात, तुम्हाला या शब्दाचा अर्थ माहीत नसेल. आपल्याकडे परगावच्या मुलाला 'आई गेली' असं फोनवर कोणी सांगत नाही. प्रवासात त्याचं काय होईल म्हणून 'सिरियस आहे, ये' एवढंच सांगतात. ऐकणाराही समजतो आणि समजलं नाही असं दाखवून बॅग भरतो. तो दारात खाली बसला.

"गेली का रे? खरं सांग."

"नाही! तुझी शपथ, दादा. आहे. महिनाभर आजारी होती, आता तीन दिवस झाले, शुद्ध नाही तिला. तिनंच शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून. त्याचा पासपोर्ट नाही जवळ, उगाच जिवाला घोर लावून घेईल, म्हणे." केदार रडत होता. "आत्ता मघाशी नाडीच लागेना. सगळे धावले. मी तुला फोन लावला न् हिंमत झाली नाही, कट केला. तेवढ्यात आपोआप परत सुरू झालं. डॉक्टर म्हणतात, आम्ही अजून काही केलंच नव्हतं."

शैलेंद्रनं खोलीत पाहिलं. मनी उशीकडे बघत होती.

"केदार, ती काही बोलते आहे का?"

"आवाज नाही. पण दुपारपासून ओठ हलून राहिले. हलतात... थांबतात... परत हलतात."

"आत्ता?"

"हलून राहिले."

मनी गप्प.

"आत्ता?"

"थांबले."

"म्रं," मनी म्हणाली.

"परत हलले," केदार म्हणाला. "दादा, तिकडे कोण आहे?"

फोनमध्ये एक यंत्राची बाई मध्येच बोलली, एकच मिनिट उरलंय म्हणून. "मी येतो रे, मी काहीतरी करतो," असं तो म्हणत राहिला, आणि लाइन तुटली. दुसरं कार्ड घरात नव्हतं.

आता त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं. हुंकार येत होता तोवर ती बोलत होती. ती बोलत होती तोवर ती होती. आठ हजार मैलांवर आई आणि मधे एक मांजर.

तो भिंतीला पाठ टेकवून कार्पेटवर बसला. मनीच्या बाजूला, पण दोन हात दूर.

तीन वाजले. साडेतीन. मनी थकत चालली होती. आवाज घोगरा झाला. डोळे मिटायचे, मान खाली जायची, आणि ती दचकून "म्रं" म्हणायची. मग त्या "म्रं"मधला सूर गेला, नुसती हवा उरली. चारला दहा कमी असताना तिनं तोंड उघडलं...

आवाज आला नाही.

तिनं पुन्हा उघडलं. नाही आला. तिनं पहिल्यांदा मान वळवून शैलेंद्रकडे बघितलं.

खोली वाट बघत होती.

रात्री न दिसणाऱ्या माणसाला ओ द्यायची नाही. हे त्याला कोणी शिकवलं होतं? याच आईनं. गावाला गेलं की तीच बजावायची. कोणी हाक मारली तरी तोंड उघडायचं नाही, शैलू. दहा सेकंद गेले. वीस...

"हं," शैलेंद्र म्हणाला.

किती लहान आवाज निघाला. स्वतःचाच त्याला ओळखू येईना.

मनीनं डोकं पंजांवर टेकलं. पण डोळे उघडेच होते. आणि ते डोळे... हलले. उशीवरून पलंगाच्या कडेवर आले. तिथे थांबले.

त्याला ऐकू काही येत नव्हतं. तो मनातल्या मनात गोष्ट म्हणत होता. वादळ आलं. "हं." तारा तुटल्या. "हं." एकटीच होते मी. "हं."

मनीची नजर कडेवरून खाली आली. कार्पेटवर. पलंगाच्या आणि त्याच्या मधे.

"हं."

आणखी जवळ.

"हं."

मग मनीनं मान वर केली. ती आता त्याच्या खांद्याच्या जरा वर बघत होती. डाव्या खांद्याच्या.

पाठीमागे भिंत होती. भिंतीत आणि त्याच्यात बोटाचंही अंतर नव्हतं. त्याला ते माहीत होतं. तरी त्यानं वळून पाहिलं नाही. त्या वेळी कोणी लाख रुपये दिले असते तरी त्यानं पाहिलं नसतं. डावा कान गार पडला होता. फक्त डावा.

"हं... हं..."

डॉक्टर सापडायची जागा आली. याच्या पुढची गोष्ट त्याला माहीत नव्हती. वाक्य कुठे संपतं, कळायला मार्ग नव्हता. तो अंदाजानं देत राहिला. साडेचार. पाच. बाहेर बर्फ पडतच होता. आणि कधीतरी, तो म्हणाला, त्याला नेमकं सांगता येत नाही कधी, त्याची भीती गेली. कान गारच होता, पण भीती नव्हती. सहा महिने आई या घरात होती तेव्हा जे दिलं नाही ते सगळं द्यायचं होतं. झोपायचं नाही, एवढंच. आज झोपायचं नाही.

"हं..."

"हं..."

फोन वाजला तेव्हा बाहेर अजून अंधारच होता. कॉर्डलेस हाताशीच पडलेला होता. त्यानं तो कानाला लावला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला जाग आली आहे. म्हणजे आपण झोपलो होतो. पाच अठ्ठेचाळीस.

"दादा," केदार म्हणाला. आता तो रडत नव्हता. "आई गेली. पाच वाजून दहा मिनिटांनी."

इथले पाच चाळीस.

"शेवटी बोलली, दादा. एकदम स्पष्ट. सिस्टरनंही ऐकलं. ओठ थांबले, बराच वेळ वाट पाहिल्यासारखी राहिली. मग हसली जराशी. 'झोपला वाटतं,' म्हणाली. हात असा वर केला, काहीतरी ओढून घेतल्यासारखा... दोनदा थोपटलं कशावर तरी... न् गेली."

आठ हजार मैलांची खरखर.

"दादा? आहेस नं तू लाइनवर?"

"हं," शैलेंद्र म्हणाला.

मग त्याला जाणवलं, की आपल्याला थंडी वाजत नाही. जानेवारीतली पहाट, अंगात एक टी-शर्ट, उघडं कार्पेट. आणि तरी तो उबेत होता. त्यानं खाली पाहिलं. वरच्या खोलीतला कम्फर्टर त्याच्या अंगावर होता. हनुवटीपर्यंत. दोन वाजता जिना उतरल्यापासून तो एकदाही वर गेला नव्हता. कम्फर्टरच्या घडीत मनी झोपली होती, फक्त तोंड बाहेर. आणि पायाकडची कड त्याच्या दोन्ही पावलांखाली नीट दुमडून खोचलेली होती, बाहेरून वारा लागू नये अशी. उठायचं तर ती सोडवावी लागणार होती. चांगलं उजाडलं, रस्त्यावर बर्फ काढणारी गाडी येऊन गेली, तरी तो तसाच बसून राहिला.